काश्मिरी गेटची स्किनर घराण्याची दफनभूमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दिल्लीत राहते. पुण्या-मुंबईकडून पाहुणे आले की लाल किल्ला आणि कुतुबमिनारच्या मधल्या एखाद्या सकाळी त्यांना काश्मिरी गेटच्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात नेते. "चर्चमध्ये कशाला?" इथपासून सुरुवात होते आणि निघताना सगळे हांसीपासून अलीगढपर्यंतचं विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: ही दफनभूमी इंग्रजी राजवटीची म्हणून ओळखली जाते, पण तिचा उगम शिंद्यांच्या फौजेत आहे. म्हणून ती मराठी माणसाने पाहिली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

ही दफनभूमी नक्की कुठे आहे?

जुन्या दिल्लीत, काश्मिरी गेट मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लोथियन रोडला लागून. घुमटाचं फिकट पिवळं-पांढरं चर्च लांबूनच दिसतं. फाटकातून आत गेलं की रस्त्याचा गोंगाट बराच मागे पडतो. चर्चच्या एका अंगाला लोखंडी कठड्याने बंदिस्त केलेला जमिनीचा तुकडा आहे, तीच स्किनर घराण्याची दफनभूमी. कठड्याच्या आत संगमरवरी शिळा, दगडी चौथरे आणि क्रूस आहेत, काही ठळक अक्षरांचे, काही झिजलेले. आवारात याशिवायही कबरी आहेत, पण कठड्याच्या आतल्या सगळ्या एकाच आडनावाच्या गोतावळ्यातल्या.

स्किनर म्हणजे कोण?

जेम्स स्किनर. जन्म १७७८. वडील हर्क्युलीस स्किनर, कंपनीच्या फौजेतले स्कॉटिश अधिकारी. आई एका राजपूत जमीनदाराची मुलगी, लढाईच्या धामधुमीत हर्क्युलीसच्या ताब्यात आलेली. ती त्याच्याबरोबरच राहिली, मुलंबाळं झाली. १७९० मध्ये मुलींना शाळेत पाठवायचं ठरलं तेव्हा त्यांचा पडदा मोडणार, घराण्याची अब्रू जाणार, असं मनात घेऊन तिने जीव दिला. हे जेम्सने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

पुढे त्याला कलकत्त्यात एका छापखान्यात उमेदवारीला ठेवलं. सात वर्षांचा करार होता. तिसऱ्याच रात्री खिशात चार आणे घेऊन तो पळाला. पैसे संपल्यावर बाजारात ओझी वाहिली, सुतारांची गिरमिटं ओढली. शेवटी एका नोकराने ओळखलं आणि घरी आणलं. या मुलाला सैन्यातच जायचं होतं, पण कंपनीच्या फौजेचं दार त्याला बंद होतं.

बाप कंपनीचा अधिकारी असताना दार बंद का?

आईमुळे. १७९१ मध्ये कंपनीने नियम केला की ज्याचे आई किंवा वडील हिंदी आहेत त्याला अधिकारपदाची नोकरी नाही. १७९५ मध्ये तो आणखी आवळला: अशा माणसांना फौजेत घ्यायचं तर ढोल वाजवणारे, बासरी वाजवणारे किंवा नालबंद म्हणून. कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी इथे संसार केले होते, आणि त्याच संसारांतली मुलं कंपनीला नको झाली.

हा नियम ठाऊक नसेल तर पुढचं काहीच उलगडत नाही. माझे पाहुणे इथे थोडा वेळ गप्प होतात, कारण बाहेर ठेवणाऱ्या नियमांची आपल्याला घरची ओळख आहे.

मग तो मराठ्यांकडे कसा आला?

धर्मपित्याने चिठ्ठी दिली ती डी बॉइनच्या नावाची. बेन्वा डी बॉइन मूळचा सॅव्हॉयचा. महादजी शिंद्यांनी त्याला १७८४ मध्ये चाकरीत घेऊन कवायती पलटणी उभ्या करायला लावल्या. आपल्या बखरींत आणि पत्रांत ज्याला 'कंपू' म्हणतात तो हाच. त्याचा तळ अलीगढला, त्या वेळच्या कोईलला होता. स्किनर पोचेपर्यंत महादजी गेले होते (१२ फेब्रुवारी १७९४, पुण्याजवळ वानवडीत), गादीवर दौलतराव होते आणि डी बॉइनही युरोपला परतायच्या वाटेवर होता. त्याच्या जागी पेरॉन हा फ्रेंच सेनापती आला. स्किनरला दरमहा दीडशे रुपयांवर एन्साइन, म्हणजे कनिष्ठ अधिकारी म्हणून घेतलं. ज्या मुलाला कंपनीने ढोल दिला असता त्याला शिंद्यांच्या फौजेने तलवार आणि हाताखाली माणसं दिली.

धाकटा भाऊ रॉबर्टही याच फौजेत आला. १८०१ मध्ये जॉर्ज टॉमस या आयरिश पुंडाशी जॉर्जगढला मोठी लढाई झाली तेव्हा दोघे भाऊ वेगवेगळ्या टोकांना होते. प्रत्येकाला बातमी पोचली की दुसरा मेला. दोघे रणांगणातून एकमेकांचं प्रेत शोधत फिरले आणि जिवंत समोरासमोर आले. टॉमसचं ठाणं आजच्या हरियाणातल्या हांसीला होतं. शिंद्यांच्या फौजेने ते घेतलं. तेच हांसी पुढे जेम्स स्किनरचं घर झालं आणि तिथेच त्याचा शेवट झाला.

चर्च बांधण्याचा नवस केला होता म्हणतात, ते खरं का?

त्याच्या आठवणींतली ही गोष्ट आहे आणि मी ती कधी घाईत सांगत नाही.

१८०० साल. राजस्थानात उणियाराच्या राजाशी लढाई. स्किनरच्या पलटणीला ज्यांच्या मदतीला पाठवलं होतं ती करौलीची माणसं फुटली आणि पलटण एकटी पडली. एकेक करून बहुतेक सगळे कापले गेले. स्किनरच्या जांघेत गोळी घुसली आणि तो दुपारी पडला तो दुसऱ्या सकाळीच शुद्धीवर आला. अंगावर विजारीखेरीज काही उरलं नव्हतं, सगळं लुटलेलं. सरपटत तो एका झुडपाखाली गेला. तिथे त्याच्याच पलटणीतले दोघे होते. सुभेदाराचा पाय गुडघ्याखाली उडालेला आणि जमादाराच्या अंगात भाला. दिवसभर उन्हात तहान. रात्री चांदणं पडलं आणि कोल्हे आले. प्रेतं ओढणाऱ्या कोल्ह्यांवर हे तिघे खडे मारत राहिले. त्या रात्री स्किनरने मनात म्हटलं, वाचलो तर देवासाठी चर्च बांधीन.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आणि एक बाई आली. बाईच्या डोक्यावर टोपली आणि पाण्याचं मडकं होतं. ती प्रत्येक जखमीला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी देत होती. स्किनरने खाल्लं, प्याला. सुभेदार राजपूत, बाई चर्मकार समाजातली. त्याने पाणीही घेतलं नाही. स्किनरने परोपरीने समजावलं. सुभेदार म्हणाला, आता काही घटकांचाच प्रश्न आहे, थोडं जास्त सोसलं म्हणून काय झालं, तेवढ्यासाठी धर्म कशाला सोडू? स्किनरने बाईला गावाचं नाव विचारलं, तर ते टोंकपासून दोन कोसांवर होतं. दुपारी राजाची माणसं आली, मेलेल्यांना पुरायला बेलदार आणि जखमींना उचलायला हमाल घेऊन.

स्किनर वाचला. बरा झाल्यावर त्याने त्या बाईला पैसे पाठवले आणि तिला आई म्हटलं.

आता चर्चकडे पाहा. मला ते दरवेळी भाकरीच्या त्या तुकड्यापासून सुरू झालेलं दिसतं. बाईचं नाव कुठेही कोरलेलं नाही, तिची कबर नाही. म्हणून मी पाहुण्यांना तिची गोष्ट आधी सांगते आणि मग आत नेते.

चर्च कधी बांधलं, खर्च कुणी केला?

स्किनरने, स्वतःच्या पैशातून. सुमारे ९५ हजार रुपये. आराखडा मेजर रॉबर्ट स्मिथचा. क्रूसाच्या आकाराची मांडणी, मधे मोठा घुमट आणि बाजूंना खांबांच्या पडव्या. २१ नोव्हेंबर १८३६ रोजी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांच्या हातून त्याचा अभिषेक झाला. त्याच वेळी साठीजवळ आलेला स्किनर आपल्या मुलांसह दृढीकरणाच्या, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा पक्की करण्याच्या विधीला गुडघ्यावर बसला. पुढे राजधानी दिल्लीला आल्यावर १९३१ पर्यंत व्हाइसरॉय याच चर्चला येत. आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे आणि तिथे नियमित उपासना होते.

१८०३ मध्ये तो मराठ्यांना सोडून इंग्रजांकडे गेला. मग त्याला फितूर का म्हणू नये?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याचा राग मला समजतो. पण घटनाक्रम पाहा.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये शिंदे आणि इंग्रज यांच्यात युद्धाला तोंड फुटलं. पेरॉनने इंग्रजी रक्ताच्या सगळ्या अधिकाऱ्यांना एका फटक्यात नोकरीवरून काढलं. स्किनर त्याच्याकडे परत गेला, मला ठेवा म्हणून विनवलं. पेरॉनने ऐकलं नाही, कुणाचाच भरवसा नाही म्हणाला. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला आणि थोड्याच दिवसांत पेरॉन स्वतःच इंग्रजांच्या स्वाधीन झाला. कंपनीला स्किनर आईमुळे चालला नव्हता. शिंद्यांच्या सेनापतीला तो बापामुळे चालला नाही.

मग तो इंग्रजांचा सेनापती लॉर्ड लेक याच्याकडे गेला, पण एक अट घालून: जुन्या धन्याविरुद्ध, शिंद्यांविरुद्ध मी लढणार नाही. लेकने ती मान्य केली. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ पटपडगंजची लढाई झाली. त्यानंतर पेरॉनच्या घोडदळातले सुमारे दोन हजार स्वार इंग्रजांकडे आले. सरदार कोण हवा असं विचारल्यावर त्यांनी नाव घेतलं 'सिकंदर साहेब'. स्किनरचं त्यांच्या तोंडी सिकंदर झालं होतं. म्हणजे त्याचा नामांकित पिवळा रिसाला, पिवळ्या गणवेशाचं ते घोडदळ, मुळात शिंद्यांच्या चाकरीतल्या स्वारांचा.

यशवंतराव होळकरांच्या पाठलागावर मात्र तो पंजाबात बियास नदीपर्यंत गेला. होळकर त्याच्या अटीत बसत नव्हते. हे मी झाकत नाही आणि ते मला आवडतही नाही. तरी 'फितूर' हा शब्द माझ्या तोंडी येत नाही. आधी त्याला बाहेर काढलं गेलं, आणि ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यावर हत्यार उचलणार नाही हे त्याने रोजगार मागतानाच सांगितलं. त्या काळात हे सांगणारे थोडे होते.

स्किनरची स्वतःची कबर कठड्यात दिसत नाही. ती कुठे आहे?

चर्चच्या आत, वेदीसमोर. जमिनीशी सपाट साधी संगमरवरी शिळा आहे. नाव, हांसीला ४ डिसेंबर १८४१ रोजी मृत्यू, आणि तिथून काढून १९ जानेवारी १८४२ रोजी इथे पुरल्याची नोंद. त्यात पराक्रमाचा एक शब्द नाही.

म्हणजे तो दोनदा पुरला गेला. आधी हांसीला लष्करी इतमामाने. मग चाळीसेक दिवसांनी त्याच्या इच्छेप्रमाणे शवपेटी काढून, रिसाल्यातले दोनशे स्वार बरोबर घेऊन दिल्लीला आणली. वेशीबाहेर शहर लोटलं होतं. वयाच्या वर्षांइतक्या, ६३ तोफा झडल्या. सिकंदर साहेबासारख्या थाटात बादशहासुद्धा दिल्लीत कधी आणला गेला नाही, असं लोक बोलले.

गाइड आणखी एक गोष्ट सांगतात. मला उंबरठ्याखाली पुरा, म्हणजे आत जाणारा प्रत्येक जण या पाप्याला तुडवून जाईल, असं तो म्हणाला होता. वारकरी घरातून आलेल्या माझ्या एका पाहुणीला हे ऐकून लगेच पंढरपूरची नामदेव पायरी आठवली, आणि तिथून पुढे ती त्या शिळेला वळसा घालूनच चालली. तिला मी अडवलं नाही.

मग कठड्याच्या आत कोण आहे?

त्याचा वंशविस्तार. मुलं, सुना, नातवंडं आणि पुढच्या पिढ्या, थेट विसाव्या शतकापर्यंत. सिकंदर साहेबाचं घर त्या काळच्या उत्तर हिंदुस्थानी अमिराचं होतं. एकाहून जास्त बायका होत्या, हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतल्या. लोकांत चौदा बायकांचा आकडा सांगितला जातो. त्या घरात फारसी आणि उर्दू चाले. खुद्द स्किनर फारसी सफाईने लिहायचा. 'तश्रीह-उल-अक्वाम' (१८२५) हा हिंदुस्थानातल्या जातीजमातींवरचा त्याचा सचित्र फारसी ग्रंथ. 'तजकिरत-उल-उमरा' (१८३०) हा राजेरजवाड्यांवरचा. मुघल दरबाराने त्याला 'नासिरुद्दौला, गालिब जंग' असे किताब दिले होते.

या घराण्याने पुढे ख्रिस्ती नावं लावली, काही शाखा मुसलमान राहिल्या, आणि कठड्याच्या आतले दगड इंग्रजीत बोलतात. एका छोट्या क्रूसापाशी मी बराच वेळ बसले होते. नाव जवळजवळ गेलेलं, आकारावरून लहान मुलाचा वाटणारा. त्या काळी कुठल्याही युरोपीय किंवा अर्धयुरोपीय दफनभूमीत लहान मुलांचे दगड सर्वांत जास्त सापडतात. कारणं साधी होती: पटकी, देवी, हिवताप.

कुणी एखादं नाव वाचून "हे स्किनर म्हणजे शेवटी इंग्रजच ना?" असं म्हणालं की मी त्या आजीकडे बोट दाखवते जी इथे नाही. मुलींचा पडदा मोडू नये म्हणून जीव दिलेली ती राजपूत बाई. कठड्याच्या आतलं प्रत्येक नाव तिच्याही गोतावळ्यातलं आहे.

आवारातली दुसरी मोठी कबर कुणाची?

विल्यम फ्रेझरची. दिल्लीतला कंपनीचा बडा अंमलदार, स्किनरचा जिवलग मित्र. मुलकी नोकरीत असूनही हौसेने स्किनरच्या रिसाल्यात मेजर म्हणून मिरवायचा. २२ मार्च १८३५ च्या रात्री घरी परतताना त्याच्यावर गोळी झाडली गेली. फिरोजपूर झिरक्याचा नवाब शमसुद्दीन खान आणि त्याचा माणूस करीम खान यांना त्यासाठी फाशी झाली. नवाब फासावर गेला तेव्हा त्याचा मुलगा चार-पाच वर्षांचा होता. तोच पुढे गझलकार दाग देहलवी.

फ्रेझरची संगमरवरी कबर स्किनरने बांधवली आणि वर आपलं नाव न घालता एवढंच कोरवलं की मैत्रीतल्या एका भावाने ही उभारली आहे. मृत्यूनंतर हांसी सोडून दिल्लीत येण्याची त्याची इच्छा मला या दगडामुळे जास्त कळते.

आवारात टॉमस मेटकाफ या रेसिडेंटचीही कबर आहे, १८५३ ची.

१८५७ मध्ये इथे काय झालं?

काश्मिरी गेट हाच लढाईचा दरवाजा होता, त्यामुळे चर्चला भरपूर मार बसला. घुमटावरचा गोळा आणि क्रूस गोळ्यांनी चाळण झाले. फ्रेझरच्या कबरीची नासधूस झाली. चर्चच्या भिंतींवर त्या वर्षी मेलेल्यांच्या पाट्या आहेत. दिल्ली बँकेच्या बेरेसफर्ड कुटुंबाची एक.

माझं लक्ष मात्र डॉ. चमनलालच्या पाटीकडे जातं. तो दिल्लीचाच. १८५२ मध्ये गणितज्ञ मास्टर रामचंद्र यांच्याबरोबर त्याने याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहरात मोठी खळबळ झाली होती. ११ मे १८५७ ला, उठावाच्या पहिल्याच दिवशी, तो मारला गेला.

समोरची मशीद स्किनरने मुसलमान बायकोसाठी बांधली का? आणि देऊळ?

नाही. मंदिर, मशीद, चर्च अशी तिन्ही त्याने बांधल्याची कहाणी ऐकायला छान वाटते. पण जवळची ती रेखीव फख्र-उल-मसाजिद १७२८-२९ च्या सुमाराची, कनीझ-ए-फातिमा या बेगमेने नवरा शुजाअत खान याच्या स्मरणार्थ बांधलेली. स्किनरच्या जन्माआधी पन्नास वर्षं. एका बाईचं बांधकाम दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, म्हणून हे उत्तर मी दरवेळी स्पष्ट देते. मशीद पाहा जरूर.

लोथियन दफनभूमी, निकोल्सन दफनभूमी म्हणजे हीच का?

नाही, तिन्ही वेगळ्या. लोथियन दफनभूमी त्याच रस्त्यावर दक्षिणेला, १८०८ पासूनची, दिल्लीतल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींपैकी. निकोल्सन दफनभूमी दरवाज्याच्या पलीकडे, १८५७ ची. त्या दोन्ही सार्वजनिक. घराण्याची दफनभूमी आहे ती फक्त चर्चच्या आवारातली ही.

त्याचा रिसाला अजून आहे?

आहे. भारतीय लष्करात '१ हॉर्स (स्किनर्स हॉर्स)' म्हणून, आता घोड्यांऐवजी रणगाड्यांचा. ब्रीदवाक्य 'हिम्मत-ए-मर्दां, मदद-ए-खुदा'. पिवळा रंगही टिकला आहे. केसरिया करून मरायला निघणाऱ्या राजपुतांवरून तो घेतला असं सांगतात.

भेट देताना काय पाळावं?

आवार चालू चर्चचं आहे. रविवारी सकाळी उपासना असते, त्या वेळी पाहायला म्हणून आत फिरू नये. बसायचं असेल तर मागे शांत बसावं, कुणी उठवत नाही. फोटो काढण्याआधी आतल्या माणसाला विचारावं. कठड्याला कुलूप असेल तर बाहेरूनच पाहावं, उड्या मारून आत जाऊ नये.

अक्षरं नीट दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ किंवा पाणी लावू नका. मी स्वतः एकदा उत्साहाच्या भरात ओल्या रुमालाने एक ओळ पुसायला गेले आणि दगडाची बारीक पूड रुमालावर आली. दीडशे वर्षांचं ते अक्षर होतं. त्यानंतर मी सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात जाते. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही आपोआप उठून दिसतात, हात लावावा लागत नाही.

उत्तरेतल्या शिंदेशाहीच्या आणखी अशा खुणा पाहायच्या असतील तर?

पटपडगंजच्या लढाईचा स्मारकस्तंभ आता नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. आग्र्याला रोमन कॅथलिक दफनभूमीत जॉन हेसिंगची कबर आहे. हा डच माणूस शिंद्यांचा आग्र्याचा किल्लेदार, १८०३ मध्येच वारला. लाल दगडातली ती कबर म्हणजे हुबेहूब धाकटा ताजमहाल. आग्र्याला जाणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णव मराठी सहली तिच्या जवळून निघून जातात, गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा.

आणि तुम्ही पुण्याचे असाल तर दिल्लीला यायच्या आधी एकदा वानवडीला शिंद्यांच्या छत्रीत जाऊन या. तिथे महादजींची समाधी आहे. ज्या कंपूने स्किनरला दीडशे रुपयांवर ठेवून घेतलं तो त्यांनी उभा केलेला. ती पाहून आलेला माणूस वेदीसमोरच्या त्या शिळेपाशी जरा जास्त वेळ थांबतो, हे मी पाहिलं आहे.